राजाचा डबा राहिला, आजीच्या डब्याचं काय?

आमचा बचत गट परळ-लालबागच्या चाळींतला. आमच्यातल्या बहुतेकींचं माहेर गावाकडचं. कुणी सातारची, कुणी रत्नागिरीची, कुणी बार्शीकडची. लग्न होऊन मुंबईला आलो त्या रेल्वेनं किंवा एस.टी.नं. म्हणून आज रेल्वेबद्दल बोलायचं ठरवलं आहे. तिकिटाबद्दल किंवा वेळापत्रकाबद्दल नाही, रेल्वेच्या जुन्या डब्यांबद्दल. डबा म्हटलं की आपल्याला आधी जेवणाचा डबा आठवतो. पण आज बोलायचं ते रुळावरच्या डब्याविषयी.

झालं असं, की दिवाळीच्या फराळाचे पैसे वाटून झाल्यावर आम्ही सगळ्या जणी एक दिवस मोकळ्या झालो आणि बोरीबंदरला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, फिरायला गेलो. तिथं इमारतीत रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे आणि बाजूला मोकळ्या जागेत जुनी इंजिनं मांडून ठेवली आहेत. त्या जागेला हेरिटेज गल्ली म्हणतात. आम्ही फोटो काढत होतो. आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी मात्र एका इंजिनाच्या लोखंडाला हात लावून गप्प उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "इंजिन ठेवलंय, ते बरं झालं. राजेलोकांचे डबेही दिल्लीला ठेवलेत म्हणतात. पण आम्ही ज्या थर्ड क्लासच्या डब्यात मांडीवर लेकरू घेऊन मुंबईला आलो, तो डबा कुठं ठेवलाय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर तो प्रश्न काही सुटेना, म्हणून आम्ही वाचायला आणि विचारायला लागलो. त्यातून जे हाती आलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात सुरुवातीपासून करू. १६ एप्रिल १८५३ या दिवशी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. अंतर ३४ किलोमीटर. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. ज्या कंपनीनं ही गाडी सुरू केली तिचं नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. लोक तिला जी.आय.पी. म्हणत. आजची मध्य रेल्वे ती हीच. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत आपले जगन्नाथ शंकरशेट होते. गिरगावकर त्यांना नाना शंकरशेट म्हणतात.

या कहाणीत बायका कुठं आहेत, असं तुम्ही विचाराल. आहेत. मुंबईहून पुण्याकडे जाताना खंडाळ्याचा बोरघाट लागतो. त्या घाटातून रूळ न्यायचा म्हणजे डोंगर फोडून २५ बोगदे करायचे. हे काम हजारो मजुरांनी केलं. त्यांत माती वाहणाऱ्या बायाही होत्या. मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून १८५९ साली मजुरांनी दंगा केला आणि पहिल्या ठेकेदाराकडून काम काढून घेतलं गेलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. तेव्हा त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं ठेका आपल्या अंगावर घेतला. तिनं जाणते इंजिनियर कामावर नेमले आणि काम पुरं करून घेतलं. १८६३ साली घाट खुला झाला. पटकीनं, तापानं, अपघातानं किती मजूर त्या डोंगरात राहिले, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. ठेकेदारीण बाईचं नाव निदान कागदावर राहिलं. माती वाहणाऱ्या बाईचं तेही राहिलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं आपल्याला लागणार आहे.

गाड्या सुरू झाल्या म्हणजे त्या दुरुस्त करणारे हात लागणार. जी.आय.पी.चा कारखाना आधी भायखळ्याला होता. पुढं १८७९ पासून परळला मोठा कारखाना उभा राहिला. तिथं इंजिनांची दुरुस्ती होई. १९१५ साली दादरच्या पुढं माटुंग्याला डब्यांसाठी वेगळा कारखाना निघाला. पलीकडच्या बाजूला, लोअर परळला, दुसऱ्या रेल्वे कंपनीचा कारखाना होता. तो आज पश्चिम रेल्वेकडे आहे. गिरणगाव म्हटलं की आपल्याला फक्त कापडाच्या गिरण्या आठवतात. पण याच गिरणगावात सकाळी रेल्वे कारखान्याचाही भोंगा वाजायचा. लोहार, सुतार, रंगारी, फिटर, गादी शिवणारे अशा शेकडो कारागिरांची वस्ती आपल्या या चाळींत होती. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले पुरुष एका खोलीत दहा-दहा जण राहायचे आणि खानावळीत जेवायचे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांनीच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकारानं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाला हात घातला. आपल्या बचत गटांची ती थोरली बहीणच म्हणायची.

आता परत डब्यांकडे येऊ. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. मग घाटातही वीज न्यायचं ठरलं. त्यासाठी १९२८ सालापासून मोठी विजेची इंजिनं आली. मधे एक खोली आणि दोन्ही अंगांना लांब नाकाडं, वळणावर अंग मोडत जाणारी. रेल्वेतले लोक त्यांना 'खेकडा' म्हणायचे. मावशी ज्या इंजिनाला हात लावून उभ्या होत्या, ते याच जातीचं. त्याच्यावर नाव आहे 'सर लेस्ली विल्सन'. १९२५ साली विजेच्या गाडीचं उद्घाटन करणारे मुंबईचे गव्हर्नर ते हेच.

आणि मग १ जून १९३० रोजी आली आपली दख्खनची राणी, डेक्कन क्वीन. पहिल्यांदा ती कल्याण ते पुणे धावली. तिचे दोन संच होते. एक रुपेरी रंगाचा आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. या डब्यांची खालची लोखंडी चौकट इंग्लंडहून आली, पण वरचा सगळा डबा माटुंग्याच्या कारखान्यात बांधला गेला. म्हणजे ज्या गाडीचं आपण इतकं कौतुक करतो, ती आपल्याच वस्तीतल्या कारागिरांच्या हातची होती. गंमत बघा, ते कारागीर स्वतः त्या गाडीत बसू शकत नव्हते. सुरुवातीला तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. साध्या माणसासाठी तिसरा वर्ग जोडला गेला तो थेट १९५५ साली. बांधणाऱ्यांच्या पोरांना त्या गाडीत बसायला पंचवीस वर्षं लागली.

१९६६ साली ते जुने डबे बदलून मद्रासच्या पेरांबूर कारखान्यातले पोलादी डबे आले. अपघातात एक डबा दुसऱ्यात घुसू नये अशी त्यांची बांधणी होती, त्यामुळे बदल योग्यच होता. आज आणखी नवे डबे आहेत. पण जेवणाचा डबा, म्हणजे डायनिंग कार, अजून या गाडीला जोडतात. दर १ जूनला पुणे स्टेशनवर नेहमीचे प्रवासी केक कापून गाडीचा वाढदिवस करतात. म्हणजे गाडीची आठवण प्रवाशांनी धरून ठेवली, म्हणून ती टिकली.

आता संग्रहालयांचं बोलू. दिल्लीला चाणक्यपुरीत १ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडलं. तिथं १८५५ साली इंग्लंडात बनलेलं 'फेअरी क्वीन' नावाचं वाफेचं इंजिन होतं. १९०९ साली ते कामावरून काढलं होतं. पुढं त्याची अशी दुरुस्ती केली, की १९९७ साली ते पुन्हा स्वतःच्या वाफेवर गाडी ओढू लागलं. जवळजवळ नव्वद वर्षं गप्प असलेलं इंजिन पुन्हा शिट्टी घालायला लागलं. याच संग्रहालयात १८७५ सालचा प्रिन्स ऑफ वेल्ससाठीचा खास डबा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ सालचा डबा आहे, बडोद्याच्या गायकवाडांचाही आहे. असे डबे म्हणजे रुळावरचा राजवाडाच. पलंग, न्हाणीघर, नक्षीचं लाकूडकाम. आपल्या महाराष्ट्रात नागपूरला मोतीबागेत २००२ सालापासून छोट्या रुळांच्या गाड्यांचं संग्रहालय आहे. नागपूरकडे गेलात तर जरूर बघा.

पण जुना डबा दुरुस्त करतात म्हणजे नक्की काय करतात? हे आम्हाला पुस्तकातून नीट कळेना. मग आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासऱ्यांनी समजावलं. आम्ही सगळ्याच त्यांना आबा म्हणतो. आबांनी रेल्वेच्या कारखान्यात सुतारकामात तीस वर्षं काढली. त्यांच्या खाटेखाली अजून हत्यारांची पेटी आहे. त्यात रंधा आहे, पटाश्या आहेत, गुण्या, गिरमिट, करवत. पेटीसमोर बसूनच ते बोलले.

आबा म्हणाले, "पोरींनो, आधी हात लावायचा नाही, आधी बघायचं." डबा उघडायच्या आधी त्याचे चारही बाजूंनी फोटो घ्यायचे, मापं घ्यायची. मग जो जो तुकडा काढाल, त्याला नंबर द्यायचा आणि वहीत लिहायचं की हा कुठला. वही नसेल तर काढलेला डबा परत जुळत नाही, नुसता लाकडाचा ढीग होतो. हे ऐकून आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. गटाची वही नीट नसली की काय होतं, ते आम्हाला चांगलं माहीत आहे!

दुसरं, जुना डबा म्हणजे खाली लोखंडी चौकट आणि वर सागवानी सांगाडा. अगदी आपल्या बैलगाडीसारखं, खाली चाक-आस आणि वर साटा. सागवान चिवट असतं, पण पाण्यापुढं तेही हरतं. पाणी मुरतं ते खिडकीखाली, दाराच्या कोपऱ्यात आणि तळाच्या फळीत. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आत लाकूड भुसा झालेलं असतं. म्हणून लाकडावर बोटानं टकटक करून बघायचं. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आत कीड. मग सगळी फळी फेकायची नाही. कुजलेला तेवढाच तुकडा कापायचा आणि त्याच जातीचं, मुरलेलं लाकूड तिरपा सांधा करून बसवायचं. भंगारात निघालेल्या दुसऱ्या डब्याचं जुनं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. आपण गोधडीला ठिगळ लावतो तेव्हा काय करतो? विरलेलं तेवढंच झाकतो, चांगलं कापड फाडत नाही. अगदी तसंच.

तिसरं रंगाचं. जुन्या डब्यावर रंगाचे थरावर थर असतात. दारातल्या तुळशी वृंदावनाला दरवर्षी चुना देतो, त्याचे पापुद्रे निघतात ना, तसे. ते एका छोट्या जागी हळूहळू घासत खाली गेलं की एकेक काळ उघडा पडतो. वरचा रंग अलीकडचा, त्याखाली त्याच्या आधीचा, अगदी तळाशी पहिला. असा तळाचा रंग सापडला की डबा मूळचा कसा होता ते कळतं. इथं एक सावधगिरी सांगतो. जुन्या रंगात शिसं असायचं. ते कोरडं घासलं की धूळ पोटात जाते आणि लहान मुलांना तर फारच बाधते. घरातलं जुनं रंगवलेलं दार-खिडकी घासायची झाली, तर पाणी मारून, तोंडाला फडकं बांधून आणि पोरांना लांब ठेवूनच घासा.

चौथं छप्पर. लाकडी डब्याच्या छपरावर जाड किंतानी कापड ताणून बसवत आणि त्यावर रंगाचे हात देत, म्हणजे पाणी आत येत नसे. छप्पर गेलं की डबा गेला. मुंबईत तर चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. उघड्यावर ठेवलेल्या इंजिनाला दरवर्षी नुसता रंग फासला तर आत गंज चालूच राहतो. आबा म्हणाले, "पहिलं औषध म्हणजे डोक्यावर सावली. बाकी सगळं नंतर." आणि शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही वहीत लिहून ठेवली आहे. "जुन्याला नवं करायचं नसतं. जुन्याला जुनंच ठेवून उभं करायचं असतं. ज्या दांडीला हजारो हातांनी धरून ती गुळगुळीत झाली, ती दांडी बदलली तर मग राहिलं काय?"

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. राजाचा डबा राहिला, कारण तो एकच होता, सुंदर होता आणि कुणाचा तरी मोठ्याचा होता. थर्ड क्लासचे डबे हजारोंनी होते. जे हजारोंनी असतं, ते जपावं असं कुणाला वाटत नाही. वापर संपला की डबा भंगारात. लाकूड जळणाला, लोखंड भट्टीला. लोकांनी भरलेले ते डबे इतके वाईट होते, की गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली. १९७४ साली तिसरा वर्ग कागदावरून गेला. तो गेला ते बरंच झालं. पण त्या फळीवर बसून आपल्या आज्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, पंढरीच्या वारीला गेल्या, दुष्काळात पोट भरायला मुंबईला आल्या. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली आणि १९०६ साली पंढरपूरला पोचली. किती वारकरी बायकांनी आयुष्यातला पहिला प्रवास त्या गाडीनं केला असेल!

दिल्लीच्या संग्रहालयात एक साधा कागदही ठेवला आहे. १९०९ साली बंगालकडच्या ओखिल चंद्र सेन नावाच्या प्रवाशानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत रेल्वे साहेबाला लिहिलेलं तक्रारीचं पत्र. गाडीत सोय नव्हती म्हणून ते स्टेशनवर शौचाला उतरले आणि गार्डानं शिट्टी मारून गाडी सोडली. लोटा हातात, धोतर सावरत ते पळाले, पडले आणि सगळ्यांसमोर फजिती झाली. असं सांगतात, की या पत्रामुळे साध्या डब्यांत संडासाचा विचार सुरू झाला. लोक हे पत्र वाचून हसतात. आम्हाला हसू आलं नाही. पुरुषमाणूस उतरून आडोशाला तरी जाऊ शकत होता. त्याच डब्यातल्या बायकांनी दिवस-दिवस काय सोसलं असेल? त्यांच्यापैकी कुणाला लिहिता येत नव्हतं, म्हणून संग्रहालयात त्यांचं पत्र नाही.

आमच्या गटात यावरून वादही झाला. एक जण म्हणाली, "स्टेशनवर बायकांना धड संडास नाहीत आणि जुन्या डब्यांवर पैसा कशाला घालायचा?" तिचं म्हणणं खोटं नाही. बराच वेळ आम्ही दोन्ही बाजूंनी बोललो. शेवटी मावशीच म्हणाल्या, "अगं, ते लोट्याचं पत्र जपलं म्हणून तर आपल्याला कळलं की संडास कुणी मागितला. मागितल्याशिवाय काहीच आलेलं नाही, हे पोरींना दाखवायला काहीतरी ठेवावं लागतं ना?" आम्हाला ते पटलं. आजची सोय मागायची आणि कालचा पुरावाही जपायचा. दोन्ही कामं एकाच हातानं होतात.

न जपलं तर काय होतं, ते आमच्याच रस्त्यावर घडलं आहे. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची आली. लालबाग, परळ, दादर, सगळीकडे ट्राम जायची. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि तो संसार आवरला गेला. रूळ डांबराखाली गाडले. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकाजवळ रस्ता खणताना ते जुने रूळ वर आले, तेव्हा कुठं लोकांना त्यांची किंमत कळली आणि रुळांचा तो तुकडा तिथं मांडून ठेवला. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायका ट्राममधून गिरगावला लग्नाची खरेदी करायला गेल्याच्या गोष्टी सांगतात. त्यांच्या नातवंडांना ट्राम म्हणजे काय, ते फोनवर दाखवावं लागतं.

असं नका समजू, की या कहाणीत बाई कायम मागच्या डब्यातच राहिली. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव ऐंशीच्या दशकात रेल्वेत आल्या आणि देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. ८ मार्च २०११ रोजी, महिला दिनाच्या दिवशी, त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली. त्याच घाटातून, ज्याचा ठेका ॲलिसबाईनं पुरा केला होता आणि ज्याची माती आपल्यासारख्या बायांनी वाहिली होती. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडीही त्यांनीच आणली. बोरीबंदरच्या इमारतीवर अगदी वरती घुमटावर एका बाईचा पुतळा आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. तो प्रगतीचा पुतळा आहे. शंभराहून जास्त वर्षं दगडाच्या बाईच्या हातात चाक होतं. गाडी चालवायला खऱ्या बाईला एवढा वेळ लागला.

मग आपण काय करायचं? रेल्वेचा डबा तर आपल्याला जपता येणार नाही. पण आबांनी सांगितलेली पद्धत आपल्या हातातली आहे. पुढच्या मासिक सभेत हिशेब झाल्यावर अर्धा तास ठेवा. प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणायची. जातं आणता आलं नाही तर त्याचा खुंटा आणा, तांब्या आणा, सासूची गोधडी, मोटेची चामडी पिशवी, पहिलं रेल्वे तिकीट, काहीही. वहीत चार गोष्टी लिहायच्या. ही वस्तू कुणाची, कधीची, कुणी बनवली आणि कुणी दुरुस्त केली. वस्तूबरोबर तिच्या मालकिणीचा फोटो घ्यायचा. वस्तू घासून-पुसून नवी करू नका, कोरड्या फडक्यानं धूळ झटका आणि ओल लागणार नाही अशी ठेवा. आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, "आजी, तू पहिल्यांदा गाडीत कधी बसलीस? कुठं बसलीस? हातात काय होतं?" मोबाईलवर तिचा आवाज भरून ठेवा. तिचा डबा भंगारात गेला, पण निदान तिची गोष्ट तरी जाऊ देऊ नका.

तुमच्या गावाजवळ जुनी छोटी लाईन असेल, बार्शीची असो, मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला असो, तर तिथल्या जुन्या गँगमनला, हमालाला, चहावालीला विचारा. स्टेशनच्या आवारात एखादा जुना डबा किंवा हातगाडी पडून असेल, तर ग्रामसभेत ठराव करून रेल्वेकडे मागणी करता येते. भंगाराचा लिलाव झाल्यावर मात्र काही करता येत नाही. जे करायचं, ते त्याआधी.

शेवटी आबांच्या पेटीबद्दल सांगतो. आम्ही त्यांच्याकडे गेलो, त्याच आठवड्यात त्या ताईंच्या घरी भंगारवाला येऊन गेला होता. पेटीचे त्यानं दोनशे रुपये सांगितले होते. खोली दहा बाय दहाची, खाटेखाली जागा हवी होती, ताईंचंही चुकत नव्हतं. आम्ही सभेत विषय घेतला आणि ठरवलं, की पेटी गटाच्या कपाटात राहील. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आबा चाळीतल्या पोरापोरींना रंधा कसा धरायचा ते शिकवतात. पहिल्याच दिवशी चार पोरं आणि तीन पोरी आल्या. एका पोरीनं जुन्या पाटाच्या तुटलेल्या पायाला सांधा मारला. सांधा थोडा वाकडा झाला. आबांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "चालेल. धरलाय."

मावशींना आम्ही अजून त्यांचा डबा दाखवू शकलो नाही. पण त्यांच्या पहिल्या प्रवासाची गोष्ट आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे. तुमच्या वहीचं पहिलं पान कुणाचं असेल, ते आम्हाला नक्की कळवा.

येतो आम्ही. राम राम.